डिक लेबो: हेड कोच म्हणून नापास, डिफेन्समध्ये बाप

चौथा_डाउन

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, सीझन रंगात आला की इथले सगळे धागे क्वार्टरबॅकभोवती फिरतात. महोम्स की ॲलन, ब्रेडी की मॅनिंग. चेंडू ज्याच्या हातात त्याच्यावर कॅमेरा, हे समजू शकतो. पण समोरच्या अकरा जणांनी कुठे उभं राहायचं, कोणी खरंच धावून जायचं आणि कोणी नुसतं तसं भासवायचं, हे ठरवणारा माणूस मैदानाच्या कडेला हेडसेट लावून उभा असतो. त्याचं नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसतं. त्या जमातीतल्या माझ्या सर्वांत लाडक्या माणसाबद्दल लिहितोय. डिक लेबो.

जन्म १९३७, ओहायोतल्या लंडन नावाच्या गावी. ओहायो स्टेटकडून वुडी हेजच्या हाताखाली खेळला, १९५७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होता. १९५९ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने पाचव्या फेरीत निवडलं आणि सीझन सुरू व्हायच्या आत नारळ दिला. डेट्रॉइट लायन्सने उचलला. तिथे १४ सीझन कॉर्नरबॅक (मागच्या फळीत कडेला राहून पास झेलणाऱ्याला धरणारा), ६२ इंटरसेप्शन (समोरच्यांचे पकडलेले पास), आणि सलग १७१ सामने. मागच्या फळीत त्याच्या जोडीला 'नाइट ट्रेन' लेन आणि येल लॅरी होते, त्यामुळे याच्याकडे बघायला फारशी कोणाला फुरसत नव्हती. १९७२ ला खेळणं थांबवलं आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सकडे स्पेशल टीम्सचा (किक वगैरेंसाठी उतरणाऱ्या तुकडीचा) कोच म्हणून रुजू झाला.

तिथून ग्रीन बे, मग १९८० मध्ये सिनसिनाटी बेंगल्स. १९८४ पासून तिथला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे हेड कोचच्या हाताखाली बचाव आखणारा. झोन ब्लिट्झ म्हणून जो प्रकार आज झाडून सगळे संघ खेळतात, तो या सिनसिनाटीच्या वर्षांत आकाराला आला. १९९२ ला पिट्सबर्ग स्टीलर्स: बिल कावर हेड कोच, डॉम केपर्स कोऑर्डिनेटर आणि लेबोकडे मागची फळी. केपर्स कॅरोलायनाला हेड कोच म्हणून गेला आणि १९९५ मध्ये कोऑर्डिनेटरपद लेबोकडे आलं. त्याच सीझनच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, डलासला त्यांनी २५४ यार्डांत रोखलं, एमिट स्मिथसारख्याला ४९ यार्ड धावू दिलं, आणि तरी २७-१७ हरले. कारण स्टीलर्सच्याच क्वार्टरबॅकने दोनदा चेंडू लॅरी ब्राउनच्या हातात आणून दिला. बचावाच्या कोचचं आयुष्य हे असं असतं.

१९९७ मध्ये परत सिनसिनाटी. २००० साली तीन सामने हरल्यावर ब्रूस कॉस्लेटने राजीनामा दिला आणि हेड कोचची खुर्ची लेबोकडे चालत आली. ४-९, मग ६-१०, मग २-१४. एकूण १२ विजय, ३३ पराभव. पुन्हा नारळ.

वय ६५. कोणी नावं ठेवली नसती जर त्याने तिथेच आवरतं घेतलं असतं. त्याने बफेलोत एक वर्ष सहाय्यक म्हणून काढलं आणि २००४ मध्ये पिट्सबर्गला त्याच जुन्या पदावर परत आला. पुढची सात वर्षं बघा. तीन सुपर बोल, दोन जिंकले. २००८ चा बचाव सरासरी १३.९ गुण देणारा, यार्डांतही पहिला, गुणांतही पहिला. २०१० मध्ये समोरच्यांना धावून सामन्यामागे ६२.८ यार्ड. त्या वर्षी लेबो ७३ चा झाला होता. २०१४ नंतर तीन वर्षं टेनेसी टायटन्स, आणि थांबला तेव्हा ८० वर्षांचा. खेळाडू आणि कोच मिळून सलग ५९ सीझन.

माझा मुद्दा असा. या धंद्यात कोऑर्डिनेटर ही हेड कोचची आधीची पायरी समजतात. दोन वर्षं बचाव चांगला चालला की मालक मुलाखतीला बोलावतो, माणूस वर जातो आणि निम्मे तिथे आपटतात. लेबोसुद्धा आपटला. पण तो खाली उतरून पुन्हा आपल्या कामाला लागला आणि आयुष्यातलं सर्वांत उत्तम काम त्यानंतर केलं. कोऑर्डिनेटर हे स्वतंत्र, पूर्ण काम आहे. त्यात उत्तम असलेला माणूस वरच्या खुर्चीत कच्चा निघाला तर त्याची उंची कमी का व्हावी?

मंजिरी_प

छान लिहिलंय. आमच्या घरी सुपर बोल म्हणजे मी वडे तळते आणि नवरा व मुलगा ओरडतात. या वर्षी मला समजून ओरडायचंय. झोन ब्लिट्झ म्हणजे नक्की काय, साध्या मराठीत सांगाल का? 'ब्लिट्झ म्हणजे सगळे धावून जातात' एवढंच मला मुलाने सांगितलं आहे.

चौथा_डाउन

मंजिरीताई, सांगतो. चेंडूवाल्या संघाची पाच धिप्पाड माणसं क्वार्टरबॅकसमोर भिंत करून उभी असतात. बचाववाले साधारण चार जण त्या भिंतीवर सोडतात आणि सात जण मागे राहतात. पाच, सहा किंवा जास्त सोडले की ब्लिट्झ. क्वार्टरबॅकला वेळ मिळत नाही, पण मागे माणसं कमी पडतात, प्रत्येकाला एकेक रिसीव्हर (पास झेलणारा) एकट्याने धरावा लागतो. एक निसटला की थेट टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये.

शिवाय चांगल्या क्वार्टरबॅकला यावरचा उतारा तोंडपाठ असतो. जिथून लाइनबॅकर (पुढच्या रांगेच्या लगेच मागे उभा असणारा) धावत आला, ती त्याची जागा मागे रिकामी झाली. डोळे मिटून तिकडे झटकन टाकायचा. याला हॉट रीड म्हणतात. बिल वॉल्शने सॅन फ्रान्सिस्कोत अशा छोट्या झटपट पासांवर अख्खं ऑफेन्स उभं केलं. आणि लेबोच्या बेंगल्सच्या गटात तर ह्यूस्टन ऑइलर्स होते, क्वार्टरबॅक वॉरन मूनला घेऊन चार-चार रिसीव्हर पसरवून खेळणारे. साधा ब्लिट्झ केला की मार खायचा, नाही केला तर मून निवांत उभा.

लेबोने माणसांची संख्या फार वाढवली नाही, माणसं बदलली. समजा एका बाजूने लाइनबॅकर आणि सेफ्टी (सर्वांत मागचा राखणदार) दोघं सुसाट आले. क्वार्टरबॅकने ते पाहिलं, मान वळवली, रिकाम्या जागी चेंडू सोडला. पण त्याच क्षणी पुढच्या रांगेतला एक सव्वाशे किलोचा गडी, ज्याला आयुष्यभर फक्त पुढे घुसायला शिकवलंय, तो एक पाऊल पुढे टाकून गपचूप मागे सरकलेला असतो आणि नेमका त्या 'रिकाम्या' जागेत उभा असतो. चेंडू त्याच्या पोटावर. पाच आत, त्यांच्यामागे जवळच्या पट्ट्यात तीन आणि अगदी खोलवर तीन. पाच, तीन, तीन. आणि ज्याला त्या गड्याला अडवायचं होतं तो भिंतीतला माणूस हवेला मिठी मारून उभा, तर दुसऱ्या टोकाला त्याच्या सहकाऱ्यावर एकाच वेळी दोघं तुटून पडलेत.

बंडूतात्या

म्हणजे गुगली! मनगट लेगब्रेकचं आणि चेंडू आत. चला, एवढ्यासाठी तरी धागा वसूल झाला. आम्हाला वाटायचं हा खेळ म्हणजे दांडगटांनी एकमेकांना पाडायचं आणि मधे जाहिराती.

चौथा_डाउन

तात्या, जाहिरातींबद्दल सहमत.

रेषेबाहेर

लेख आवडला पण भक्तिभाव जरा आवरा.

एक, झोन ब्लिट्झचा शोध लेबोचा हे अर्धसत्य. सत्तरच्या दशकात मायामीत बिल आर्न्सपार्गर पुढच्या रांगेतली माणसं मागे सोडत होताच. लेबो त्याला भेटायला गेला होता हे लेबो स्वतःच सांगत आला आहे. आणि नव्वदच्या दशकात ती गोष्ट लीगभर गाजली तेव्हा पिट्सबर्गचा कोऑर्डिनेटर केपर्स होता.

दोन, पिट्सबर्गची दुसरी खेप. पोलामालू, हॅरिसन, फॅरियर, केसी हॅम्प्टन, ॲरन स्मिथ. ही माणसं दिली तर मी पण १४ गुण देईन. (बरं, २४.)

तीन, न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक ब्रेडी. पाच रिसीव्हर पसरवायचे आणि अडीच सेकंदांत चेंडू सोडायचा, या एका उताऱ्यावर लेबोकडे शेवटपर्यंत उत्तर नव्हतं. २००४ ची एएफसी फायनल (सुपर बोलच्या आधीची लढत) ४१-२७. २०१० मध्ये ३९-२६, तेही पिट्सबर्गला. आणि २०१३ मध्ये फॉक्सबरोला ५५-३१, ६१० यार्ड. स्टीलर्सनी त्यांच्या इतिहासात कधी एका सामन्यात तेवढे गुण दिले नव्हते. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक टीबो, त्याचं तर बोलूच नका. ज्याला पास टाकता येत नाही असं लोक उघड म्हणत होते, त्याने जानेवारी २०१२ च्या प्लेऑफमध्ये याच बचावाविरुद्ध ३१६ यार्ड टाकले आणि ओव्हरटाइमच्या पहिल्याच चालीवर ८० यार्डांचा टचडाउन.

ओहायोकर

मी कोलंबसला राहतो, लंडन गाव आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. सुरुवातीला आईला फोनवर 'लंडनला जाऊन आलो' सांगितलं की ती अख्ख्या सोसायटीत सांगायची. असो.

मी बेंगल्सवाला, त्यामुळे या माणसाबद्दल माझ्या मनात दोन कप्पे आहेत. २००२ च्या २-१४ वर इथली जुनी मंडळी अजून तोंड वाकडं करतात. पण सुपर बोल २३ कोणी विसरू नये. जानेवारी १९८९, मायामी, समोर सॅन फ्रान्सिस्को, त्यांचा क्वार्टरबॅक मॉन्टाना आणि हेड कोच वॉल्श. वॉल्श म्हणजे पूर्वी सिनसिनाटीतच सहाय्यक असलेला माणूस, झटपट पासांची ती पद्धत त्याने आधी इथेच घडवली. सात वर्षांपूर्वी सुपर बोल १६ मध्ये त्याच्याकडून २६-२१ हरलो होतो, लेबो तेव्हा मागच्या फळीचा कोच. या वेळी बचाव पूर्ण त्याचा. पहिल्याच क्वार्टरमध्ये टिम क्रमरी, मधला आधारस्तंभ, पाय मोडून बाहेर. तरीही तिसऱ्या क्वार्टरअखेर सॅन फ्रान्सिस्कोच्या खात्यात फक्त ६ गुण. मॉन्टाना, राइस, रॉजर क्रेग घेऊन ६!

चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला मॉन्टानाचा पास थेट लुइस बिलप्सच्या हातात आला, एंड झोनमध्ये. सुटला. लगेच पुढच्या चालीवर राइसचा टचडाउन. शेवटी १६-१३ ने आपण पुढे, आणि मॉन्टाना ९२ यार्ड चालत आला. ३४ सेकंद उरले असताना जॉन टेलरचा टचडाउन. २०-१६. तो एक कॅच धरला असता तर लेबोची पहिली अंगठी (सुपर बोल जिंकणाऱ्यांना मिळते ती) सतरा वर्षं आधी आली असती आणि कदाचित हेड कोचची खुर्ची चांगल्या दिवसांत मिळाली असती, मोडक्या दिवसांत नाही.

रेषेबाहेर, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर: सिनसिनाटीत पोलामालू नव्हता. डेव्हिड फुल्चर होता. लाइनबॅकरच्या अंगाचा सेफ्टी. इतर कोचांनी त्याला सावकाश म्हणून हिणवलं असतं, लेबोने त्याला पुढे आणून ब्लिट्झमध्ये वापरला. माणसं 'मिळतात' हे खरं, पण ओळखावी पण लागतात.

अष्टपैलू

+१ ओहायोकर.

माझा एक अंदाज, पुरावा नाही. १९६२ च्या थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटने अपराजित ग्रीन बे पॅकर्सला २६-१४ हरवलं, त्यांचा क्वार्टरबॅक बार्ट स्टारला ११ वेळा पाडलं. पॅकर्सचा त्या वर्षीचा एकमेव पराभव. लेबो त्या दिवशी मागे कॉर्नरला उभा होता. पुढचे गडी पोचले की मागच्याचं काम किती सोपं होतं, हे त्याने त्या दुपारी मैदानातून पाहिलं. पुढे आयुष्यभर ब्लिट्झच्या मागे लागलेला माणूस मुळात मागच्या फळीचा होता, लाइनचा नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्लिट्झ फसला की उघडा पडतो तो कॉर्नर, आणि तो १४ वर्षं तिथे उभा होता.

चौथा_डाउन

अष्टपैलू, हा मुद्दा मला सुचायला हवा होता, मस्त.

रेषेबाहेर यांना उत्तर.

आर्न्सपार्गरचं श्रेय मान्यच. तो तेव्हा लुइझियाना स्टेटचा हेड कोच होता, लेबो त्याच्याकडे गेला आणि तिथून 'सेफ प्रेशर' हे दोन शब्द घेऊन आला. म्हणजे दबाव तर आणायचा पण मागे उघडं पडायचं नाही. परतीच्या विमानात कागदी नॅपकिनवर त्याने आकृत्या काढल्या, असा किस्सा सांगतात. पण कल्पना असणं वेगळं आणि तिची पन्नास-साठ चालींची पोथी बांधून दर रविवारी कोणती काढायची हे कळणं वेगळं. आर्न्सपार्गरने ते अधूनमधून केलं, लेबोने त्यालाच घर केलं. आणि केपर्स पिट्सबर्गला कोऑर्डिनेटर होता तेव्हा लेबो त्याच खोलीत बसत होता ना. दोघांनी मिळून केलं म्हणा, माझी हरकत नाही. म्हणून तर सुपर बोल ४५ ला मजा आली: ग्रीन बेचा कोऑर्डिनेटर केपर्स, पिट्सबर्गचा लेबो. ग्रीन बे ३१-२५. त्यांचा क्वार्टरबॅक रॉजर्सने झटपट पास टाकून आमचं वाटोळं केलं, आणि केपर्सच्या बाजूने निक कॉलिन्सने इंटरसेप्शन थेट एंड झोनमध्ये नेलं.

ब्रेडीचा मुद्दा कबूल. चेंडू अडीच सेकंदांत सुटत असेल तर कोण कुठून येतोय याला अर्थ उरत नाही, फसवाफसवी करायला वेळच मिळत नाही. त्याला उत्तर म्हणजे मागे घट्ट एकास एक धरणं, आणि ते लेबोच्या रक्तात नव्हतं. टीबोच्या सामन्यात मात्र थोडी नोंद घ्या: आमचा सेफ्टी रायन क्लार्क खेळला नव्हता. त्याला सिकल सेलचा त्रास, डेन्व्हरच्या उंचीवर जिवावर बेतण्याची भीती, म्हणून हेड कोच टॉमलिनने त्याला बसवलं. सगळा दोष त्यावर ढकलत नाही. त्या चालीवर सगळे पुढे गर्दी करून उभे होते आणि मधला भाग ओसाड होता, तो निर्णय कोचचाच.

पिट्सबर्गवाली

उशिरा आले, पण आलेच. मी पिट्सबर्गला शिकायला होते तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात गेलात की दर्शनाच्या रांगेत जर्सी दिसायच्या, आणि प्रसादाचा दहीभात संपवून सगळे एकच्या सामन्याला पळायचे. स्टीलर्सचा पिवळा टॉवेल तर अजून माझ्या कपाटात आहे. तिथे मला आश्चर्य वाटलं ते हे की लोक ऑफेन्स मैदानात असताना गप्पा मारतात आणि डिफेन्स आला की उठून उभे राहतात.

सुपर बोल ४३ मधली हॅरिसनची चाल कोणी कशी काढली नाही? फेब्रुवारी २००९, टँपा, पिट्सबर्ग १०-७ पुढे. मध्यंतराला १८ सेकंद बाकी. अॅरिझोना गोल लाइनला चिकटून, त्यांचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर. लेबोने ब्लिट्झ पुकारला होता. हॅरिसनने धावून जायचं होतं. त्याने धावल्यासारखं केलं, एक पाऊल टाकलं आणि मागे आला. वॉर्नरने त्याला येताना पाहिलं होतं, म्हणून त्याने बोल्डिनकडे आतल्या बाजूला झटकन टाकला. आणि तिथे ९२ नंबर उभा. मग १०० यार्ड. एवढा जाडजूड माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाटेत कोणी पाय ओढतंय, कोणी मानेवर पडतंय, स्वतःचेच लोक त्याच्यासाठी भिंत करतायत, आणि फिट्झजेराल्ड मागून पोचतोय तोवर तो एंड झोनमध्ये कोसळला. उठताच येईना, ऑक्सिजन लावावा लागला. १७-७.

आता गंमत अशी की हे त्या कागदावर नव्हतं. हॅरिसनने मनाने केलं. पण ज्या माणसाला वर्षानुवर्षं 'आलास असं दाखव आणि मागे जा' हेच शिकवलंय, त्याच्या मनात दुसरं काय येणार?

रेषेबाहेर

म्हणजे कोचचं ऐकलं नाही म्हणून अंगठी मिळाली, आणि श्रेय कोचला? तुमच्याशी वादच नको. :)

आणि त्याच सामन्यात चौथ्या क्वार्टरमध्ये २०-७ वरून २३-२० मागे पडले होते. फिट्झजेराल्ड मधून ६४ यार्ड पळाला तेव्हा लेबोच्या खोलवरच्या तीन माणसांपैकी तिथे कोणी नव्हतं. शेवटी क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गर आणि रिसीव्हर होम्सने वाचवलं.

पिट्सबर्गवाली

वाचवलं रॉथलिसबर्गरने, मान्य. पण शेवटचा घाव? वॉर्नरला अजून वेळ होता. वुडलीने त्याच्या हातातून चेंडू उडवला आणि कायसलने त्यावर उडी घेतली. कायसल म्हणजे सातव्या फेरीतला. हॅरिसन तर कोणत्याच फेरीतला नाही, त्याला तीन-चारदा संघाबाहेर काढला होता. आणि २००८ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम बचावपटू. 'ही माणसं दिली तर' म्हणता, कोणी दिली होती?

पोलामालूबद्दल एवढंच. २०१० चा टेनेसीविरुद्धचा सामना बघा. चेंडू गोल लाइनवर, केरी कॉलिन्स चेंडू घ्यायला वाकलेला, आणि पोलामालू मोजून त्याच क्षणी पूर्ण रांगेवरून उडी मारून त्याच्या अंगावर. अर्धा क्षण लवकर झाला असता तर पेनल्टी. कित्येक कोचांनी असला उद्योग पहिल्याच दिवशी बंद केला असता. लेबो त्याला मोकळा सोडायचा आणि बाकीच्या दहा जणांना तो सोडेल ती जागा भरायला शिकवायचा.

बंडूतात्या

हा माणूस ओरडायचा का हो? आमच्या डोक्यात अमेरिकन कोच म्हणजे टोपी आपटणारा.

पिट्सबर्गवाली

उलट, तात्या. आवाज चढवत नसे अशीच ख्याती. नाताळाच्या आधी खेळाडूंना बसवून ती 'आदल्या रात्रीची' लांबलचक कविता पूर्ण पाठ म्हणून दाखवायचा. सव्वाशे किलोचे लोक शाळकरी पोरांसारखे ऐकत बसायचे म्हणे. त्याला ते 'कोच डॅड' म्हणत. २००७ ला कँटनला, म्हणजे महान खेळाडूंचा मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमच्या गावी, सामना होता तेव्हा त्याला अजून आत घेतलं नाही हे हॉल ऑफ फेमवाल्यांना टोचावं म्हणून डिफेन्सची मंडळी त्याची डेट्रॉइटची जुनी ४४ नंबरची जर्सी घालून गेली होती.

आणि एक अवांतर: खेळत असताना तो एका युद्धपटात मायकेल केनचा स्टंट डबल होता. फिलिपिन्सच्या जंगलात.

मंजिरी_प

मायकेल केन!! हे नवऱ्याला माहीत नाही याची मला खात्री आहे. सुपर बोलच्या दिवशी वड्यांबरोबर वाढते.

हॉल ऑफ फेममध्ये घेतलं का मग?

अष्टपैलू

घेतलं, २०१० मध्ये. पण खेळाडू म्हणून, ज्येष्ठांच्या यादीतून. निवृत्तीनंतर ३८ वर्षांनी. आयुष्यभर कोऑर्डिनेटर राहिलेल्या माणसाला केवळ त्या कामासाठी आत घ्यायची रीतच तिथे पडलेली नाही. ६२ इंटरसेप्शन नसती तर त्यालाही बाहेरच ठेवला असता. बड कार्सन घ्या, सत्तरच्या दशकातल्या स्टीलर्सच्या त्या पोलादी बचावाचा कोऑर्डिनेटर. बडी रायन घ्या, १९८५ चा शिकागो बेअर्स, ज्याला खेळाडूंनी हेड कोचबरोबर खांद्यावर उचलून नेलं. दोघंही बाहेर. बडीची हेड कोच म्हणून कारकीर्द आडवी येते म्हणतात. आडवी का यावी? हाच चौथा_डाउन यांचा मूळ प्रश्न आहे आणि मी त्यांच्या बाजूने.

ओहायोकर

मी अर्धाच बाजूने. हेड कोचला अपयशाची किंमत चुकवावी लागते, पत्रकारांसमोर उभं राहावं लागतं, ५३ जणांतून कोणाला काढायचं ते सांगावं लागतं. कोऑर्डिनेटर त्या सावलीत सुरक्षित असतो. लेबोला २००४ ते २०१४ शांतपणे काम करता आलं कारण आधी कावर आणि मग टॉमलिन समोर उभे होते. त्यांनाही थोडं द्या.

चौथा_डाउन

द्यायलाच हवं, आणि टॉमलिनला तर भरभरून. तो २००७ मध्ये आला तेव्हा ३४ वर्षांचा. स्वतः बचावाचाच माणूस, पण वेगळ्या घराण्यातला: मॉन्टी किफिनच्या हाताखाली टँपाला वाढलेला, पुढे चार जण, मागे दोन सेफ्टी, ब्लिट्झ क्वचित. नवा हेड कोच साधारण पहिल्या आठवड्यात आपली माणसं आणतो. याने आपल्या दुप्पट वयाच्या कोऑर्डिनेटरला ठेवलं, त्याची ३-४ ची (पुढच्या रांगेत तीन, त्यांच्यामागे चार लाइनबॅकर) मांडणी जशीच्या तशी ठेवली, आणि दुसऱ्याच वर्षी अंगठी घातली. त्याच्या जागी दुसरा कोणी स्वतःची पद्धत रेटणारा असता तर २००८ झालंच नसतं.

शेवट मात्र गोड नव्हता. २०१४ पर्यंत ती फळी म्हातारी झाली होती, आकडे घसरले होते, जानेवारी २०१५ मध्ये लेबोने पद सोडलं आणि लाइनबॅकर्सचा कोच कीथ बटलर त्या जागी आला. ७७ वर्षांचा माणूस निवृत्त झाला असं सगळ्यांनी धरलं. त्याने थोड्याच दिवसांत टेनेसीत नोकरी धरली.

पहिली अंगठी कुठे मिळाली ते लिहायचं राहिलं होतं. सुपर बोल ४०, फेब्रुवारी २००६, सिॲटल २१-१०. सामना डेट्रॉइटला होता. ज्या शहरात १४ वर्षं खेळून त्याला एक विजेतेपद मिळालं नव्हतं, तिथे, लीगमधल्या ४७ व्या सीझनअखेर. त्या आठवड्यात सगळं कौतुक स्टीलर्सच्या जेरोम बेटिसचं झालं, तो मूळचा डेट्रॉइटचा म्हणून. लेबोला त्याचं वाईट वाटलं असेल असं वाटत नाही.

रेषेबाहेर

हे आवडलं. पण आजच्या खेळात झोन ब्लिट्झ कितपत उरलाय?

चौथा_डाउन

नाव बदलून सगळीकडे आहे. आता 'सिम्युलेटेड प्रेशर' म्हणतात. पाचऐवजी चारच सोडायचे, त्यातला एक लाइनबॅकर किंवा कॉर्नर, आणि पुढच्या रांगेतला एक मागे. म्हणजे ब्लिट्झचा गोंधळ फुकटात आणि मागे सात जण शाबूत. ब्रेडीसारख्यांना पुढच्या पिढीने दिलेलं उत्तर हेच. मूळ तेच नॅपकिनवरचं, एक गडी कमी करून.

मंजिरी_प

रविवारी बघताना नेमकं काय पाहू? चेंडूकडे बघितलं की बाकी काही दिसत नाही.

पिट्सबर्गवाली

चेंडू सुटेपर्यंत त्याच्याकडे बघूच नका. बचावाच्या पुढच्या रांगेतल्या सर्वांत टोकाच्या माणसाचे हात बघा. हात जमिनीला टेकलेले असतील तर बहुतेक घुसणार. उभा असेल आणि क्वार्टरबॅककडे टक लावून असेल, तर तोच मागे जायची शक्यता जास्त. चालीआधी मोठ्याने सांगून टाका. दहापैकी चार वेळा जरी बरोबर आलं तरी घरात दरारा बसेल.

बंडूतात्या

मी पण हेच करणार आहे. फक्त पेनल्टीचा तो पिवळा रुमाल नेमका कधी पडतो ते कोणीतरी वेगळा धागा काढून सांगा, इथे विचारलं तर दोनशे प्रतिसाद होतील.